आदेश ऑक्टोबरचा, पाणी नोव्हेंबरअखेरचे : ऊर्ध्व गोदावरी खोऱ्यातील वाटपाचे एक प्रकरण

शिर्डीत २६ ऑक्टोबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते निळवंडे धरणाचे जलपूजन झाले आणि धरणाच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले. हा प्रकल्प पहिल्यांदा मंजूर झाला तो १९७० साली. अकोले, संगमनेर, राहाता, कोपरगाव, सिन्नर या तालुक्यांतल्या जिरायती गावांनी या कालव्याची पन्नासहून अधिक वर्षे वाट पाहिली. ज्यांनी मागणी केली ते आजोबा झाले, काही गेले, आणि पाणी नातवंडांच्या शेताजवळ आले.

त्यानंतर चारच दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, छत्रपती संभाजीनगरच्या गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाने आदेश काढला. नाशिक आणि नगर जिल्ह्यांतल्या धरणांतून पैठणच्या जायकवाडी धरणासाठी ८.६०३ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) पाणी सोडायचे होते. त्यातला सगळ्यात मोठा वाटा, ३.३६ टीएमसी, भंडारदरा-निळवंडे गटाचा होता.

दुसऱ्या दिवशी, ३१ ऑक्टोबरला, राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. यादीत नदीच्या खालच्या बाजूचे, मराठवाड्यातले जालना, अंबड, बदनापूर होते आणि वरच्या बाजूचे, नाशिक जिल्ह्यातले सिन्नर, येवलाही होते. पाणी प्रत्यक्ष सुटले ते २४ नोव्हेंबरच्या सुमारास. आदेश आणि पाणी यांच्यामध्ये जवळजवळ साडेतीन आठवडे गेले. या प्रकरणाचा अभ्यास करताना सगळे लक्ष ८.६ या आकड्याकडे जाते. माझ्या मते खरा आजार त्या साडेतीन आठवड्यांत आणि त्यांच्या आधीच्या चार महिन्यांत आहे.

खोरे कसे बसले आहे

गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते. दारणा इगतपुरीच्या बाजूने येते, प्रवरा आणि मुळा अकोल्याच्या डोंगरातून. घाटमाथ्यावर पाऊस धो-धो कोसळतो. पण पूर्वेला पन्नास-साठ किलोमीटर आले की पर्जन्यछायेचा प्रदेश सुरू होतो, आणि कोपरगाव, वैजापूर, नेवासे या पट्ट्यात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. म्हणजे खोऱ्याचे बहुतेक पाणी एका चिंचोळ्या पश्चिम कडेवर पडते आणि त्याची तहान सगळीकडे पसरलेली असते.

या कडेवर धरणे बांधायला इंग्रजांनी सुरुवात केली. नांदूर मधमेश्वरचा बंधारा, १९१६ चे दारणा, १९२६ चे भंडारदरा ही कामे दुष्काळात संरक्षण म्हणून झाली. थोडे थोडे पाणी पुष्कळ शेतांना द्यावे आणि ज्वारी-बाजरी वाचवावी, हा हेतू होता. पण काळ्या जमिनीत चांगल्या पावसाच्या वर्षी ज्वारीला पाणी घ्यायला कोणी तयार होईना, आणि पाणीपट्टी वसूल व्हायची तर बारमाही पीक हवे होते. त्यातून ऊस आला, उसाचे ब्लॉक (कालव्याच्या हमीच्या पाण्याचे ठरावीक क्षेत्र) मंजूर झाले, आधी खासगी कारखाने निघाले आणि मग प्रवरानगरला सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली. महाराष्ट्राच्या ग्रामीण राजकारणाचा अर्धा पाया या कालव्यांच्या काठी घातला गेला आहे. इथल्या शेतकऱ्याला कालव्याचे पाणी शंभर वर्षांचा वहिवाटीचा हक्क वाटते, ते यामुळे. त्याच्या आजोबांनी जमिनी सपाट केल्या, चाऱ्या काढल्या, कर्जे फेडली. हा हक्क कागदावर किती टिकतो हा वेगळा प्रश्न आहे. त्या भावनेला लबाडी म्हणणे मात्र अन्यायाचे आहे.

स्वातंत्र्यानंतर गंगापूर, मुळा, करंजवण, वाघाड, मुकणे, भावली, अगदी अलीकडे निळवंडे अशी एकेक धरणे होत गेली. आणि या सगळ्यांच्या खाली, पैठणला, जायकवाडी. लालबहादूर शास्त्री यांनी १९६५ मध्ये पायाभरणी केली आणि इंदिरा गांधी यांनी १९७६ मध्ये उद्घाटन केले. धरणाचा उपयुक्त साठा सुमारे ७६.६५ टीएमसी, मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या दारांखाली राहणारे पाणी, २६ टीएमसी. त्याच्या मागे जे पसरले त्याला नाथसागर म्हणतात. डावा कालवा २०८ किलोमीटर आणि उजवा १३२ किलोमीटर आहे. संभाजीनगर, जालना, परभणी, बीड असे लाभक्षेत्र, आणि उजव्या कालव्यातून पुढे माजलगाव धरणाला आधार.

जायकवाडीचे नियोजन करताना पैठणपर्यंतच्या खोऱ्यात ७५ टक्के विश्वासार्हतेने, म्हणजे चारपैकी तीन वर्षे, सुमारे १९६ टीएमसी पाणी मिळेल असे धरले होते. त्यातले सुमारे ११५ टीएमसी वरच्या भागात वापरले जाईल आणि ८१ टीएमसीच्या आसपास जायकवाडीला मिळेल, असा हिशेब होता. नंतरच्या अभ्यासांत खोऱ्याचे पाणीच बरेच कमी निघाले. धरण तेवढेच राहिले, कालवे तेवढेच राहिले, पण ज्या पाण्यावर ते आखले होते ते पूर्ण येत नव्हते.

यात एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. गोदावरीच्या आंतरराज्य वादात १९७५ साली महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांच्यात करार झाला आणि तो पुढे बच्छावत लवादाच्या, म्हणजे गोदावरी पाणीतंटा लवादाच्या, निवाड्यात आला. त्याप्रमाणे पैठणच्या धरणापर्यंतचे सगळे पाणी महाराष्ट्राने वापरायचे आहे. शेजारच्या राज्याशी असलेला प्रश्न तिथे मिटला. राज्याच्या आत ते पाणी कोणी किती वापरायचे, यासाठी मात्र लवाद नव्हता, निवाडा नव्हता आणि पुढची तीस वर्षे कायदाही नव्हता. जो वर होता त्याने अडवले.

हा वाद नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा असाच मांडला जातो, आणि मोर्चात तो तसाच दिसतो. पण नकाशा इतका सरळ नाही. दारणा-मुकणे-भावलीचे पाणी नांदूर मधमेश्वरच्या जलद कालव्याने वैजापूर आणि गंगापूर या मराठवाड्यातल्या तालुक्यांना जाते. उलट नगर जिल्ह्यातले शेवगाव आणि नेवासे यांची कितीतरी शेती नाथसागराच्या फुगवट्यावर मोटारी टाकून भिजते, आणि शेवगाव-पाथर्डीची पिण्याच्या पाण्याची योजनाही तिथूनच चालते. जायकवाडी भरले नाही तर त्याचा फटका नगर जिल्ह्यालाही बसतो, पण जिल्ह्याच्या सभेत शेवगावचा आवाज कोपरगाव-राहात्याच्या आवाजात दबून जातो.

कायदा आला आणि सात वर्षे पडून राहिला

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा २००५ मध्ये झाला. त्याचे कलम १२(६)(ग) या सगळ्या प्रकरणाचा कणा आहे. खोऱ्यातली टंचाई सगळ्यांनी समन्यायाने वाटून घ्यावी, आणि त्यासाठी दरवर्षी ऑक्टोबरअखेर खोऱ्यातल्या सर्व धरणांतले वापरण्याजोगे पाणी, खरिपाचा वापर धरून, टक्केवारीत साधारण सारखे राहील असे नियंत्रण करावे, असे ते सांगते. वाक्य एकच आहे, पण राज्याच्या पाणीकारभारात याहून धाडसी वाक्य मला माहीत नाही.

ते अमलात यायला २०१२ चा दुष्काळ लागला. त्या वर्षी जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळून सरपण झाल्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये परळीचे औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद करावे लागले. मराठवाड्यातून याचिका गेल्या, वरून पाणी सुटले, आणि किती सोडायचे याचे सूत्र नसल्याने प्रत्येक आकड्यावर भांडण झाले. मग सरकारने मेंढेगिरी समिती नेमली. समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला आणि प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ च्या आदेशात त्याचा आधार घेतला.

मेंढेगिरी सूत्र थोडक्यात असे आहे. १५ ऑक्टोबरची स्थिती पाहायची. खरिपात वापरलेले पाणी साठ्यात मिळवायचे. जायकवाडीत ही बेरीज उपयुक्त साठ्याच्या ६५ टक्क्यांवर असेल तर वरून काही सोडायचे नाही. कमी असेल तर तक्ता उघडायचा. मुळा, प्रवरा, गंगापूर, दारणा, पालखेड या प्रत्येक धरणसमूहात किती पाणी आहे त्यावरून कोणी किती द्यायचे ते ठरते. वर्ष जितके कोरडे, तितकी वरच्यांनी स्वतःकडे ठेवायची मर्यादा खाली येते.

साखर कारखाने आणि पाणी संस्थांनी या आदेशाला उच्च न्यायालयात आव्हान दिले. न्यायमूर्ती अभय ओक आणि ए. ए. सय्यद यांच्या खंडपीठाने २३ सप्टेंबर २०१६ रोजी कलम आणि आदेश दोन्ही उचलून धरले. त्यामुळे २०१५ मध्ये १२.८४ टीएमसी, २०१८ मध्ये ८.९९ टीएमसी आणि २०२३ मध्ये ८.६०३ टीएमसी सोडण्याचे आदेश कायद्याच्या दृष्टीने ठाम पायावर उभे होते. तरीही २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. दोन्ही वेळा स्थगिती मिळाली नाही.

२०२३ : काय मागितले, कोणाकडून, कोणत्या वेळी

त्या वर्षी देशात ऑगस्ट महिना शंभराहून अधिक वर्षांतला सर्वांत कोरडा गेला. पण घाटमाथ्यावर जुलैत आणि सप्टेंबरात जो पाऊस झाला त्याने वरची बरीचशी धरणे भरत आली. ही धरणे लहान आहेत. गंगापूर साडेपाच टीएमसीचे, निळवंडे सव्वाआठचे, भंडारदरा अकराचे. डोंगराच्या कुशीत असल्याने ती आठ-दहा दिवसांच्या जोरदार पावसात भरतात. जायकवाडी भरते ते वरची सगळी भरून सांडल्यावर. म्हणून मध्यम पावसाच्या वर्षी वर नव्वद टक्के आणि खाली निम्म्याहून कमी, असे चित्र हमखास दिसते. ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडी ४७ टक्क्यांच्या आसपास होते. ६५ टक्के म्हणजे जवळजवळ ५० टीएमसी.

आदेशाची विभागणी अशी होती : मुळा गट २.१० टीएमसी, प्रवरा (भंडारदरा-निळवंडे) गट ३.३६, गंगापूर गट ०.५०, दारणा गट २.६४३.

हे आकडे ज्या आठवड्यात आले तो आठवडा वरच्या शेतकऱ्यासाठी कोणता होता? निफाड-दिंडोरीत द्राक्षांच्या गोडी छाटणीचा, म्हणजे फळासाठी करायच्या छाटणीचा. छाटणी झाली की बागेवर एकरी लाखांत खर्च होतो, आणि पुढचे चार महिने पाणी मिळेल याच भरवशावर तो केला जातो. उन्हाळ कांद्याची रोपे वाफ्यात तयार होती. लागवड करायची की नाही हे पहिले आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, कधी येते त्यावर ठरायचे होते. कोपरगाव-राहात्याच्या कालव्यावर रब्बीची किती आवर्तने मिळणार ते कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते, आणि जायकवाडीला किती जाणार हे कळेपर्यंत त्या बैठकीला अर्थ नसतो. कोपरगाव आणि मनमाड या शहरांना तर कालव्याच्या आवर्तनातून साठवण तलाव भरून पाणी दिले जाते. तिथे नळाला अनेक दिवसांआड पाणी येते. तिथल्या बाईला समन्यायाचे कलम समजावून सांगणे सोपे नाही.

खाली तोच आठवडा गहू-हरभऱ्याच्या पेरणीचा होता. जायकवाडीचे रब्बीचे पाणी मिळणार नाही असे कळले तर डाव्या कालव्याच्या शेपटाकडचा, परभणीकडचा शेतकरी पेरणीच करत नाही. संभाजीनगर शहर, जालना शहर, वाळूज-शेंद्र्याचे कारखाने, शेकडो गावांच्या योजना नाथसागरावर आहेत. संभाजीनगरलाही रोज पाणी येत नाही, कित्येक वस्त्यांना आठवड्यातून एकदाच येते. २०१६ च्या उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती कारखान्यांचे पाणी टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत कापायला लावले होते, ते लोक विसरलेले नाहीत.

दोन्हीकडे गरज खरी आहे. वरच्या नेत्यांचे भाषण ऐकले तर जायकवाडीत मृतसाठा आहेच, मग पिण्याला काय कमी, असे वाटते. खालच्या नेत्यांचे ऐकले तर वर सगळा ऊसच आहे असे वाटते. दोन्ही अर्धी खरी आहेत. मृतसाठ्यातून उपसा करून शहरे जगवता येतात हे खरे, पण कलम १२(६)(ग) पिण्यापुरते बोलत नाही. ते टंचाई वाटून घ्या म्हणते, आणि शेती त्या टंचाईत येते.

आदेशानंतर याचिका झाल्या, आंदोलने झाली. नाशिक-नगरला पाणी सोडू नका म्हणून, संभाजीनगर-जालन्यात अजून का सोडले नाही म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारली. प्रशासनाला तयारीही करावी लागते. वाटेतल्या कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढायच्या, नदीकाठच्या मोटारींची वीज तोडायची, पोलीस बंदोबस्त लावायचा, शाखा अभियंत्यांना रात्रंदिवस काठावर फिरायला लावायचे. हे सगळे होईपर्यंत नोव्हेंबर संपत आला.

आणि नदी कोरडी पडत गेली. सप्टेंबरात वाहत्या पात्रात सोडलेले पाणी आणि नोव्हेंबरअखेर तापलेल्या वाळूवर सोडलेले पाणी यांत फार अंतर आहे. पात्र आधी स्वतः पिते. वाळूउपशाने झालेले खड्डे भरतात, डोह भरतात, काठच्या विहिरींची पातळी वर येते. वीज तोडली तरी डिझेलची इंजिने चालतात. हे पाणी खोऱ्यातून नाहीसे होत नाही, काठच्या गावांना त्याचा फायदाच होतो. पण ते पैठणला पोचत नाही, आणि ज्यांच्या नावाने ते सोडले त्यांच्या हिशेबात ते येत नाही. म्हणून वरचे म्हणतात एवढे दिले, खालचे म्हणतात एवढे मिळालेच नाही, आणि दोघेही खरे सांगत असतात.

खरिपाचा हिशेब कोण ठेवतो

आता मुद्द्यावर येतो. कायद्यातले ‘खरिपाचा वापर धरून’ हे शब्द फार विचाराने घातलेले आहेत. ते नसते तर वरच्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये भरपूर पाणी कालव्यात ओतून १५ ऑक्टोबरला साठा कमी दाखवला असता. शब्द आहेत, पण ते पाणी मोजायचे कुठे आणि कोणी?

पावसाळ्यात धरण भरत आले की पूरपाणी कालव्यात सोडतात. लोक त्याला ओव्हरफ्लोचे आवर्तन म्हणतात. त्यातून गावतळी भरतात, साठवण तलाव भरतात, बंधारे भरतात. सिन्नर-येवल्याच्या कोरड्या गावांना हे पाणी म्हणजे जीव आहे. पण ते खरिपाचा वापर आहे की वाहून जाणारे जादा पाणी? वरचे म्हणतात, ते सांडव्यावरून जाणारच होते. खालचे म्हणतात, सांडव्यावरून गेले असते तर पैठणला आले असते. या प्रश्नाचे उत्तर तक्त्यावर नाही, मोजमापावर आहे. कालव्याच्या मुखाशी दर दिवसाचा विसर्ग मोजून त्याच दिवशी सर्वांना दिसेल असा मांडला तर हे भांडण ऑगस्टमध्येच संपेल. आज ते आकडे विभागाच्या तक्त्यांत असतात आणि ऑक्टोबरच्या पत्रव्यवहारात पहिल्यांदा बाहेर येतात. ज्या आकड्यावर तुमचे रब्बी ठरणार आहे तो तुम्ही कधी पाहिलेलाच नसेल, तर तुमचा त्याच्यावर विश्वास कसा बसणार?

मोजमाप इथल्या शेतकऱ्याला जमणार नाही असे कोणी म्हणू नये. याच खोऱ्याच्या वरच्या टोकाला, दिंडोरी तालुक्यात, वाघाड धरणावर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने, बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी, शेपटाकडच्या शेतकऱ्यांना आधी संघटित केले. घनमापनाने, म्हणजे मोजून, पाणी घ्यायचे आणि मोजल्याप्रमाणे पट्टी भरायची, हा नियम त्यांनी चालवून दाखवला. पुढे अख्खा प्रकल्प संस्थांच्या हाती आला. शेपटाला पाणी पोचू लागले आणि बागायत वाढली. वाघाडचा शेतकरी दुसऱ्या मातीचा नाही. त्याला फक्त आपला कोटा किती आणि तो किती उरला हे माहीत होते.

हिशेब मागताना खालच्या बाजूचाही मागायला हवा, आणि हे मराठवाड्याच्या बाजूने बोलणाऱ्या आमच्यासारख्यांनी स्पष्ट म्हटले पाहिजे. नाथसागर पसरट आणि उथळ आहे. पूर्ण भरल्यावर त्याचे क्षेत्र सुमारे ३५० चौरस किलोमीटर होते. एवढ्या पृष्ठभागावरून एक मीटर पाणी उडाले तरी ३५० दलघमी (दशलक्ष घनमीटर), म्हणजे बारा टीएमसीहून अधिक जाते. आणि आपल्या उन्हात वर्षाला एक मीटरवर थांबत नाही. पाणी खाली आणून उन्हात पसरवून ठेवण्यात जो तोटा आहे तो वरच्यांचा खोटा बहाणा म्हणून झटकून टाकता येणार नाही. उपाय एकच आहे, आलेले पाणी लवकर आणि नीट वापरणे. पण डावा-उजवा कालवा ठिकठिकाणी फुटका आहे, अस्तर उखडले आहे, चाऱ्या बुजल्या आहेत, आणि शेपटापर्यंत पाणी पोचण्याआधी वाटेत विनापरवाना मोटारी लागलेल्या असतात. शिवाय जे पीक वरच्यांनी लावले म्हणून आपण बोट दाखवतो, तोच ऊस जायकवाडीच्या लाभक्षेत्रातही कारखान्यांसह पसरला. समन्यायाने आणलेले पाणी कालव्याच्या मुखाजवळच्या उसाने प्यायले आणि परभणीचा हरभरा कोरडा राहिला, तर हे कोणते समन्यायी वाटप?

याच गोदावरीवर एक दुसरा वाद मिटलेला आहे, आणि त्यातून शिकण्यासारखे खूप आहे. नांदेड जिल्ह्यातल्या बाभळी बंधाऱ्यावरून महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश वर्षानुवर्षे भांडत होते. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल दिला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर बंधाऱ्याचे दरवाजे उघडे ठेवायचे, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचे. बस. नांदेडच्या शेतकऱ्याची त्यावर तक्रार आहे आणि ती खोटी नाही, पण दरवर्षी १ जुलैला दरवाजे उघडायचे की नाही यावर कोणी याचिका करत नाही, कारण तारीख ठरलेली आहे. दोन राज्यांमधला व्यवहार पंचांगावर चालतो, आणि एकाच राज्यातल्या दोन विभागांमधला व्यवहार दर कोरड्या वर्षी नव्याने आदेश, नव्याने हरकती, नव्याने न्यायालय असा चालतो. यात तारखा नसणे हा मोठा दोष आहे. कायदा ऑक्टोबरअखेर म्हणतो, १५ ऑक्टोबरला मोजणी होते, पण आदेश किती दिवसांत निघावा, पाणी किती दिवसांत सुटावे, हे कोणी बांधून दिलेले नाही.

माझे म्हणणे इतकेच आहे की मोजणी १५ ऑक्टोबरवर सोडू नये. १५ ऑगस्ट आणि १५ सप्टेंबरलाही तोच तक्ता उघडावा. जायकवाडी मागे पडत आहे असे दिसले तर वरच्या धरणांतून सोडायचे त्यातला काही भाग नदी वाहती असतानाच सोडावा, पूरपाण्याचे कालवे त्या प्रमाणात कमी करावेत. पुढे परतीचा पाऊस जोरदार झाला तर वरची धरणे पुन्हा भरतीलच. न झाला तर निम्मे काम झालेले असेल आणि तेही कमी नुकसानीत. वरचा शेतकरी यात सोडलेले पाणी गमावेल हा धोका आहे. पण त्याला गोडी छाटणीआधी आपला रब्बीचा कोटा कळेल. आज त्याला तो छाटणीनंतर कळतो, आणि खरा अन्याय तिथे होतो.

सूत्राचा फेरविचार सध्या वेगळ्याच दिशेने चालला आहे. मेंढेगिरी अहवालाच्या पुनर्विलोकनासाठी सरकारने २०२३ मध्ये नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे महासंचालक प्रमोद मांदाडे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. जायकवाडीची ६५ टक्क्यांची अट ५८ च्या आसपास खाली आणावी, अशी त्याच्या अहवालाची दिशा आहे. प्राधिकरणाने तो २०२५ मध्ये हरकतींसाठी खुला केला आणि मराठवाड्यातून जोरदार विरोध झाला. जायकवाडीच्या उपयुक्त साठ्याचा एक टक्का म्हणजे पाऊण टीएमसीहून थोडे अधिक, त्यामुळे सात टक्के खाली येणे म्हणजे पाच टीएमसीहून अधिक पाण्यावरचा दावा सोडणे. खोऱ्याचे पाणीच कमी निघाले असेल तर अट कमी करण्याचा युक्तिवाद होऊ शकतो, मी तो सरसकट नाकारत नाही. मात्र खरिपाचा वापर रोजच्या रोज, उघडपणे मोजायची सोय आधी व्हावी आणि मग टक्का बदलावा. मोजणीशिवाय बदललेला टक्का म्हणजे वरच्यांना दिलेली सूट ठरेल, आणि पुढच्या कोरड्या वर्षी खालचे लोक ती सूट न्यायालयातच मोजायला नेतील.

२०२४ मध्ये आणि २०२५ मध्ये जायकवाडी भरले, दरवाजे उघडले, आणि विषय मागे पडला. भरल्या वर्षांत धरणांच्या मुखाशी मोजमापाची यंत्रे बसवणे, चाऱ्या दुरुस्त करणे, तारखांचे वेळापत्रक ठरवून कालवा सल्लागार समित्यांपुढे ठेवणे शक्य असते, कारण कोणाचे पाणी तुटत नसते. प्राधिकरणापुढे मांदाडे अहवालावरच्या हरकती आहेत. त्यात ६५ की ५८ यासोबत १५ ऑगस्ट, १५ सप्टेंबर आणि आदेशानंतर पाणी सोडायची कमाल मुदत या तीन गोष्टी लिहून मागितल्या गेल्या पाहिजेत, आणि त्या मागायला संगमनेरचे आणि अंबडचे शेतकरी एकत्र गेले तर कोणत्याही प्राधिकरणाला त्या टाळणे अवघड जाईल.